चित्राचा भाव आणि पोथीचे मोल

इ. स. १६१० मध्ये आग्र्याच्या जैन संघाने देवपाटण येथे विराजमान आचार्य विजयसेनसूरी यांना एक विज्ञप्तिपत्र पाठविले. पर्युषणात जीवहिंसा बंद ठेवण्याच्या शाही फर्मानाचा वृत्तांत त्यात उस्ताद शालिवाहनाने चित्रबद्ध केला आहे. जहांगीर बादशहाचा दरबार त्यात आहे आणि जैन मुनीही आहेत. हा चित्रपट आज अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई संस्थेत सुरक्षित आहे. त्याच जहांगीराचे १६१७ सालचे एक भव्य व्यक्तिचित्र २०११ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे १४ लाख पौंडांना विकले गेले. बादशहा एकच, एका चित्राला भाव मिळाला, तर दुसऱ्याला भाव लावण्याची वेळ संघाने येऊच दिली नाही.

भंडारा, तुमसर, पवनी येथील व्यापारी घरांना हा विषय दूरचा वाटू नये. पूर्वजांनी व्यापाराबरोबर धर्मही आणला. जुन्या कपाटात लाल वस्त्रात गुंडाळलेली सचित्र पोथी किंवा एखादे लघुचित्र क्वचित निघते. घराची वाटणी होताना ‘याचे काय करायचे?’ हा प्रश्न उभा राहतो. दुकान, शेत, सोने यांचे हिस्से होतात. मग पोथीची पानेही तीन भावांत का वाटू नयेत, असे कोणाला वाटते. नेमकी येथेच घोडचूक होते.

लिलावात चित्राची किंमत केवळ सोन्याच्या शाईवर वा निळ्या रंगावर ठरत नाही. चित्र कोणाचे, कोणी काढले, कोणत्या साली, कोणाकडून कोणाकडे आले, हे सांगणारा पुरावा असला तर भाव चढतो. व्यक्तिचित्रावर नाव लिहिलेले असेल, तर ते नावच अर्धी किंमत असते. पोथीत हा पुरावा शेवटच्या पानावरील पुष्पिकेत असतो: लेखनाचे संवत, गाव, लेखक, आणि पोथी लिहवून घेणारा श्रावक. पाने सुटी झाली की पुष्पिका एकाकडे जाते आणि बाकीची पाने निनावी होतात. कल्पसूत्राची अशी सुटी पाने आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. ती कोणत्या श्रावकाच्या दानातून लिहिली गेली, हे पुष्कळदा सांगता येत नाही. खातेवहीतून पाने फाडल्यावर उरलेल्या जमाखर्चावर कोण विश्वास ठेवील?

कायद्याची बाजूही व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावी. १९७२ चा पुरावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि महत्त्वाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते ही ‘पुरावस्तू’ ठरतात. खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाहीत. तसे केल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. लघुचित्रे व सचित्र पोथ्या यांची छायाचित्रांसह नोंदणी करावी लागते. देशात विक्रीस बंदी नाही. मात्र मालकी बदलल्याची सूचना द्यावी लागते, आणि पुरावस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. म्हणूनच लंडनचा भाव ऐकून भंडाऱ्यातील वस्तूची किंमत करणे व्यर्थ आहे. नोंदणीविषयी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयात चौकशी करता येते. ‘कागदपत्र नको, रोख घ्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास मात्र नमस्कार करून वाट दाखवावी.

वाटणीत पोथी अखंड ठेवून एका भावाच्या स्वाधीन करावी, इतरांना अन्य मालमत्तेत भरपाई द्यावी. अथवा सर्वांच्या संमतीने ती ज्ञानभांडारास अर्पण करावी. मुनी पुण्यविजयजींनी आपला हजारो हस्तलिखितांचा संग्रह अहमदाबादच्या त्याच संस्थेस दिला. त्यामुळे तो एकत्र राहिला आणि अभ्यासकांना खुला झाला.

श्वेतांबर घरांत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी, तर दिगंबर घरांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते. त्या दिवशी पोथी बाहेर काढून तिची धूळ झाडतात, वस्त्र बदलतात, पूजा करतात. त्याच दिवशी पाने मोजावीत, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि पुष्पिका उतरवून घ्यावी. ज्ञानाची आशातना केवळ पाय लागल्याने होत नाही. पाने विलग केल्यानेही होते.