गाडीला हात लावण्यापूर्वी



आमच्या शेजारी एक टॅक्सीवाले दादा राहतात. कर्ज काढून गाडी घेतली, विम्याचा हप्ता कधी चुकवला नाही. एका संध्याकाळी मागून टेम्पोने धडक दिली. डिकी चेपली, बंपर तुटला. गाडी उभी राहिली तर चूल कशी पेटणार? दादांनी उसनवारी करून दोन दिवसांत गाडी दुरुस्त केली आणि मग बिल घेऊन विमा कंपनीत गेले. साहेब म्हणाले, "मोडलेली गाडी आम्ही पाहिलीच नाही, पैसे कशाचे देऊ?" वहिनींचे कानातले गहाण पडले.

म्हणून अपघात होताच प्रथम कंपनीला कळवा व दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. गाडीचे फोटो काढा. कोणी जखमी असेल तर आधी दवाखाना, मग पोलिसांत नोंद. सर्व्हेअर गाडी पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एक नटही खोलू देऊ नका. काढलेले जुने भाग भंगारात घालू नका, बिले जपून ठेवा.

पॉलिसी कोणती तेही पाहा. कायद्याने सक्तीचा असतो तो 'थर्ड पार्टी' विमा. त्यातून दुसऱ्याची भरपाई होते, आपल्या गाडीची दुरुस्ती होत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीतही सगळे बिल मिळत नाही. घसारा म्हणून रबर, प्लास्टिक व बॅटरीचे 50 टक्के, फायबरचे 30 टक्के कापतात. काचेचे काही कापत नाहीत. लोखंडी भागांची कपात गाडीच्या वयावर असते. शिवाय ठरलेली रक्कम आपल्या खिशातून जाते. हा हिशेब काम सुरू करण्यापूर्वीच विचारा.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत व पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही.

पॉलिसीचा कागद ट्रंकेत पडून असेल तर आज रात्री बाहेर काढा. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला तो मोठ्याने वाचायला सांगा. न समजलेल्या ओळीखाली खूण करा आणि उद्या एजंटाला विचारा. पैसे आपण भरले आहेत, विचारण्यात लाज कसली?