एकच माणूस की तिघं?

दवाखान्याच्या वहीत एक नाव आहे, ‘विठ्ठल रामा पाटील’. रेशनकार्डावर आहे ‘पाटील व्ही. आर.’ आणि शाळेच्या जुन्या दाखल्यावर ‘विठोबा रामचंद्र पाटील’. सांगा पाहू, हा माणूस एक की तिघं? गावच्या पोस्टमनकाकांना विचारलंत तर ते चटकन सांगतील. संगणकाची मात्र इथे पंचाईत होते. त्याला अक्षरं दिसतात, माणूस दिसत नाही!

ठिकठिकाणच्या नोंदी जुळवून एकत्र आणणं हा संगणकशास्त्रातला एक मोठा विषय आहे. गंमत म्हणजे त्याची सुरुवात झाली जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांपासून. हॅल्बर्ट डन या अमेरिकन अधिकाऱ्याने १९४६ साली एक कल्पना मांडली. प्रत्येकाचं आयुष्य म्हणजे एक पुस्तक. पहिलं पान जन्माचं, शेवटचं मृत्यूचं. पण पानं विखुरलीत निरनिराळ्या कचेऱ्यांत. ती गोळा करून पुस्तक बांधायचं कसं?

कॅनडातल्या अणुऊर्जा संस्थेत हॉवर्ड न्यूकोम नावाचे शास्त्रज्ञ होते. किरणोत्साराचा परिणाम पुढच्या पिढ्यांवर होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी आईवडिलांच्या लग्नाची नोंद आणि मुलाच्या जन्माची नोंद यांची गाठ घालायला हवी. इतके कागद हाताने कोण जुळवणार? मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे काम संगणकाकडून करून घेतलं आणि १९५९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली.

पहिली अडचण स्पेलिंगची. तिच्यावर १९१८ सालचा एक जुना उपाय हाताशी होता. आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे आणि उच्चाराने जवळच्या अक्षरांना एकच अंक द्यायचा. ‘एम’ आणि ‘एन’ला ५, ‘टी’ आणि ‘डी’ला ३. ‘स्मिथ’ कुणी मध्ये ‘आय’ घालून लिहितो, कुणी ‘वाय’. पण दोन्हींचा क्रमांक येतो एस ५३०. झालं की नाही काम!

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. सगळ्या जुळण्यांना सारखे गुण द्यायचे नाहीत. जन्माचा महिना जुळला, तर त्यात विशेष काय? महिने बाराच. पण एखादं अगदी दुर्मीळ आडनाव जुळलं, तर कान टवकारायचे! आपल्याकडची गोष्ट घ्या. शाळेच्या जुन्या रजिस्टरात कितीतरी आजोबांची जन्मतारीख १ जून आहे. खरी तारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. तेव्हा दोन नोंदींत १ जून जुळला म्हणून हुरळून जायचं नाही, बरं का!

पुढे १९६९ मध्ये कॅनडातल्याच आयव्हन फेलेगी आणि अ‍ॅलन संटर या दोघांनी याचं पक्कं गणित बसवलं. गुणांची बेरीज करायची आणि जोड्यांचे तीन ढीग लावायचे. एक नक्की जुळलेल्यांचा, एक नक्की न जुळलेल्यांचा आणि तिसरा ‘सांगता येत नाही’चा. तो तिसरा ढीग माणसाने तपासायचा.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. कॅनडात युरेनियमच्या खाणी होत्या. कामगारांची नावं कंपनीच्या दप्तरात आणि मृत्यूच्या नोंदी सरकारकडे. दोन्ही जुळवल्यावर दिसलं, की खाणीतल्या रेडॉन वायूमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने जाणारे कामगार जास्त आहेत. आता विचार करा, स्पेलिंग चुकल्यामुळे एखाद्याची मृत्यूची नोंद जुळलीच नाही तर? कागदावर तो कामगार जिवंतच राहील, आणि खाण आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसेल. उलट भलत्याचीच नोंद त्याला चिकटली, तर धडधाकट माणूस मेलेला ठरेल.

जाता जाता एक कोडं. दोन नोंदींत जन्माचा महिना जुळला आणि वारही जुळला. माणसं वेगळी असूनही निव्वळ योगायोगाने असं साधारण किती जोड्यांत एकदा घडेल? कागद-पेन्सिल घ्या. (उत्तर : १२ × ७, म्हणजे ८४ जोड्यांत एकदा.)