बॅज एकाचा, डोस दुसऱ्याचा

तिमाही संपते, टीएलडीचा, म्हणजे अंगावरचा रेडिएशन डोस मोजणाऱ्या बॅजचा, अहवाल येतो, त्यावर शून्यांची रांग असते आणि प्रशासन निर्धास्त होतं. शून्य येणारच! बॅज तीन महिने कंट्रोल बॅजशेजारी खुंटीवर होता.

यंदा वाचकांची तक्रार याहून पुढची आहे. कंत्राटी तंत्रज्ञ सोडून जातो, नवा येतो. त्याची नोंदणी ‘प्रक्रियेत’ असते. तोवर जुन्याचाच बॅज लाव, असं त्याला सांगितलं जातं. अहो, बॅजवरचा क्रमांक माणसाचा असतो, खुर्चीचा नाही. नागपूरच्या धंतोलीत एकाने घेतलेला डोस अमरावतीला गेलेल्या दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. पाच वर्षांत 100 आणि कुठल्याही एका वर्षी 30 मिलिसिव्हर्ट, ही मर्यादा मग मोजायची कोणाची? उद्या एखादीने दिवस गेल्याचं कळवलं, तर पोटातल्या बाळासाठीचा 1 मिलिसिव्हर्ट कोणाच्या बॅजवर बघणार? कार्यालयाचं उत्तर ठरलेलं : ‘बॅज आहे ना? मग झालं.’

ऑर्थोच्या ओटीत तेवढंही नाही. सी-आर्म हे एक्स-रे यंत्र चालू असतं, सर्जनच्या अंगावर शिशाचा एप्रन, गळ्यात थायरॉइड कॉलर. सिस्टर भिंतीला चिकटून. तिकडे एक्स-रे खोलीत रडणारं पोर धरायला हाक जाते ती वॉर्डातल्या मामांना. मामांना बॅज नाही, कारण ते ‘रेडिएशन वर्कर’ नाहीत. मग रोज त्यांनाच का बोलावता?

2004 च्या अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियमांनी डोसच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. अनेक ठिकाणी आरएसओ, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, फक्त अर्जावर सही करण्यापुरता उरतो, आणि तपासणीची चाहूल लागली की कपाटातले बॅज वाटले जातात.

आपली तंत्रज्ञ मंडळीही कमी नाहीत. बॅज एप्रनच्या आत, छातीवर लावायचा, हे अजून सांगावं लागतं. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात तो गाडीच्या डिकीत विसरणारे आहेत. एप्रनची घडी घालून स्टुलावर फेकणारेही आहेत. आतलं शिसं तडकतं, वरून दिसत नाही. फ्लुरोस्कोपीखाली धरून बघा एकदा.

मागच्या चारही तिमाहींचा आपला डोस कार्यालयाकडे लेखी मागा. आवक क्रमांक घ्या. दुसऱ्याच्या नावाचा बॅज दिला तर तेही त्याच पत्रात लिहा. कंत्राटी पोरांना हे परवडणारं नाही, ठाऊक आहे. म्हणून पत्रावर पहिली सही कायम नोकरीवाल्यांनी करावी. नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्याबरोबर डोसच्या नोंदीचीही प्रत मागून घ्या. पत्र कोणी घेत नसेल, तर आम्हाला कळवा.