कुंडाकाठची पंचायत

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण बंब किंवा गिझर पेटवू. अकलोलीत त्याची गरज नाही. भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरीला खेटून असलेल्या या गावात पाणी जमिनीतूनच तापून वर येते. कोकणेरपासून राजापूरपर्यंत काळ्या दगडाच्या भेगांतून वर येणाऱ्या उन्हाळ्यांच्या माळेतले हे एक ठिकाण. रामेश्वराच्या देवळालगत कुंडे आहेत आणि हवेत गंधकाचा वास. जवळच, १७३९मध्ये वसई घेतल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडण्यासाठी बांधलेले वज्रेश्वरीचे देऊळ आणि पलीकडे गणेशपुरीत नित्यानंद स्वामींची समाधी. त्यामुळे रविवार असो की चैत्रातली जत्रा, पाहुण्यांना तोटा नसतो.

यंदाच्या अंकाचा विषय आहे गावाचा कारभार, आणि आम्ही अकलोलीपासून सुरुवात करतो ती या पाहुण्यांमुळेच. ते अंघोळ करतात, चहा-वडा खातात, साबणाच्या वड्यांचे कागद टाकतात आणि संध्याकाळी निघून जातात. पंचायतीच्या कोणत्याही रकान्यात ते नसतात. वित्त आयोगाचा निधी गावांना वाटताना मुख्य आधार असतो लोकसंख्येचा, आणि तीही २०११च्या जनगणनेतली. शौचालय, कचरा, पाणी मात्र पाहुण्यांनाही लागते. पंधराव्या आयोगाने साठ टक्के पैसा पाणी व स्वच्छतेसाठीच बांधून दिला हे चांगलेच झाले. पण बांधलेली रक्कम मुळातच माणसे मोजून येते.

मग पंचायतीने करायचे काय? १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १२४ उघडून बघावे. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती तर आहेच; शिवाय यात्रेकरूंवरचा कर, जत्रा-करमणुकीवरचा कर, आठवडे बाजाराची फी, इतकेच काय, सायकली आणि बैलगाड्यांवरचा करसुद्धा. अधिकारांची अशी भरगच्च यादी हाताशी असताना बहुतेक पंचायती घरपट्टीच्या थकबाकीपाशीच अडकून पडतात. कारण समजण्यासारखे आहे. कर लावणारा सरपंच पुढच्या निवडणुकीत आठवणीत राहतो. भिवंडीचीच महामार्गालगतची गावे बघा: शेतांत गोदामे उभी राहिली आणि तिथल्या पंचायतींना कर भरणारे मोठे खातेदार मिळाले. कुंडाला छप्पर नाही, शटर नाही. त्याची आकारणी कशी करणार?

अकलोलीचे आणखी एक वेगळेपण असे की तालुक्यातल्या ज्या गावांना अनुसूचित क्षेत्र म्हणून मान्यता आहे, त्यांत ती मोडते. म्हणजे २४ डिसेंबर १९९६चा, आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा इथे लागू. गौण वनोपज, गावतळी, गावबाजार यांवर ग्रामसभेचा शब्द चालावा, असे तो कायदा म्हणतो. २०१४च्या राज्याच्या नियमांनी तर पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून उभे राहण्याची वाट दिली. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पंचायतीच्या खात्यावर येतो. आमच्या मते गेल्या तीस वर्षांत गावाच्या हाती आलेले हे सर्वांत धारदार हत्यार आहे. पण ते वापरायचे तर दप्तर ठेवणारा माणूस हवा. २०२४मध्ये सरकारने ग्रामसेवकाचे नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केले. लोक त्याला अजूनही भाऊसाहेब म्हणतात, आणि भाऊसाहेबाकडे अनेकदा एकाहून जास्त गावे असतात.

वरच्या पायरीवरची गोष्ट तर लाजिरवाणी. २०२२पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. अखेर मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. लोकशाहीचे तीन मजले बांधून वरचे दोन कुलूपबंद ठेवल्यावर तळमजल्यावरच्या सरपंचाने तक्रार नेमकी कोणाकडे न्यायची?

शेवटचा प्रश्न मात्र सरकारला नाही, गावाला आहे. पेसाबाहेरच्या गावांत ग्रामसभेला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात. तेवढी जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. वर्षाचा आराखडा, घरकुलांची यादी, कराचे दर अशा पंधरा-वीस माणसांत मंजूर होतात. या अंकातले लेख वाचताना आपल्या गावची मागची सभा पहिल्या बोलावण्याला भरली की तहकूब झाली, तेवढे विचारून घ्या. नोंद इतिवृत्ताच्या वहीत असते.