फॉरमॅटच्या आधी प्रत

पेरणीच्या तोंडावर शिरपूर तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राची उधारीची सगळी नोंद या आठवड्यात कायमची गेली. दुपारी वळवाच्या वाऱ्यात वीज गेली, यूपीएसची जुनी बॅटरी तग धरू शकली नाही आणि वीज परत आल्यावर पडदा निळा झाला. ‘भाऊ, चालूच व्हत नही’ म्हणत मालकाने कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला. तिथे निदान एका वाक्यात झालं : विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल. तासाभरात मशीन नव्यासारखं सुरू झालं. बियाण्या-खतांची थकबाकी आणि टॅलीतला हिशेबाचा डेटा मात्र त्यात नव्हता. डिस्क ठणठणीत होती. बिघडल्या होत्या त्या विंडोज सुरू करणाऱ्या काही फाइली.

फॉरमॅट ही दुरुस्ती नव्हे, हे या जागी आधीही लिहिलं आहे. आता ते अधिक कडक शब्दांत लिहायला हवं. मशीन सुरू न होणं ही एक गोष्ट आणि माहिती जाणं ही दुसरी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट जगभर गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन सुरू होता होताच बंद पडू लागली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यावरचा उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढून टाकण्याचा. त्या मशीनमधली कागदपत्रं जागच्या जागी होती.

म्हणून तपासणी क्रमानेच व्हावी. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर आधी बोर्ड, यूपीएस आणि एसएमपीएस बघा. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर मॉनिटरची केबल आणि रॅम बघा. तारीख दरवेळी मागे जाते, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश आला, तर विसरलेला पेनड्राइव्ह काढा आणि बायोसला डिस्क दिसते का ते पाहा. डिस्क दिसत असेल, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालवून आधी फाइली बाहेर काढा आणि मगच स्टार्टअप रिपेअर करून बघा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलं की उरलीसुरली माहितीही जाते.

जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट झालं तरी फक्त अनुक्रमणिका पुसली जायची. वर नवं काही लिहिलं जात नाही तोवर फाइली परत मिळण्याची आशा असायची. आजच्या एसएसडीवर ट्रिम नावाची व्यवस्था पुसलेल्या जागा स्वतःहून साफ करते, त्यामुळे ती आशा जवळजवळ उरत नाही. दुरुस्तीवाल्यांची सवय हार्ड डिस्कच्या काळातली राहिली आणि मशीन बदललं. या आठवड्यातलं नुकसान त्यातूनच झालं.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते प्रतीबद्दल. त्याचं उदाहरण इथून तासाभरावर, धुळ्यात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव दप्तरं शोधत हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी लागलेले, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जाणारे कागद त्यांनी वाचवले. नुसते जमवून ते थांबले नाहीत. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड छापून त्यांनी त्या कागदांच्या प्रती महाराष्ट्रभर पसरवल्या. बीड भागातल्या पाटांगणला त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या आधीची आहे, असं त्यांचं मत होतं. १९०९ साली त्यांनी तिची संहिता छापली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. ती कशी गेली याच्या अनेक कथा सांगतात. आज अभ्यासक ‘राजवाडे संहिता’ म्हणून जी वापरतात, ती छापील प्रतीमुळेच हाती आहे. तरीही पोथी गेल्याने तिचा कागद, तिचं वळण, तिचं वय तपासण्याची वाट कायमची बंद झाली.

त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव रामदासी वाङ्मय जमवत होते. त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला तो डोमगावच्या मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. दासबोधाची गोष्ट मुळातच वेगळी होती. ग्रंथ उतरवून घेणं हा त्या संप्रदायाचा नेम होता. लेखन कसं करावं यावर दासबोधातच एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आहे. प्रती मठोमठी गेल्या. एखाद्या मठाला आग लागली तरी ग्रंथ बुडणार नव्हता, आणि एका प्रतीतली चूक दुसरीशी ताडून कळत होती. एकाच शहरातल्या या दोन संग्राहकांकडे पाहिलं की बॅकअपचा सगळा धडा समोर येतो. एकट्या पोथीचं भवितव्य एका घराच्या, एका माणसाच्या, एका दिवसाच्या हाती असतं. अनेक ठिकाणी असलेल्या ग्रंथाचं तसं नसतं.

आणि आपलं काम त्या लेखकूंपेक्षा कितीतरी सोपं आहे. त्यांना महिनोन्‌महिने बसून लिहावं लागे, शिवाय हातून अक्षरं सुटत. आपली प्रत काही मिनिटांत होते आणि मुळाबरहुकूम होते. एवढं सोपं असून दक्षिण कोरियाच्या सरकारने ते केलं नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हवरची ८५८ टेराबाइट माहिती जळाली. तिची दुसरीकडे प्रतच नव्हती. भांडवल आणि तंत्रज्ञान असूनही एकट्या पोथीचीच चूक तिथे झाली.

आपल्याकडे ती चूक ‘डी ड्राइव्हला ठेवलंय’ या वाक्यात लपलेली असते. सी आणि डी हे बहुतेक मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. गुगल ड्राइव्हला सिंक लावलं म्हणजेही बॅकअप झाला असं नाही, कारण इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या इमारतीत, हा नियम जगभर मान्य आहे. दुकानदाराने टॅलीचा बॅकअप रोज पेनड्राइव्हवर घ्यावा, आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क घरी न्यावी. अधूनमधून त्या प्रतीवरून हिशेब उघडूनही पाहावा. न उघडलेल्या प्रतीवर विसंबू नये.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेकांनी नवी मशीन घेतली. त्यातल्या अनेक मशीनवर बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप आपोआप चालू असतं. असं मशीन अडलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर डिस्क काढून दुसरीकडे लावूनही काही वाचता येत नाही. की आजच मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा.

शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे माझी मागणी आहे : खरिपाच्या आधी विद्यार्थ्यांना बाजारपेठेत पाठवा आणि दुकानादुकानात पहिली प्रत काढून द्या. अभ्यासक्रमातल्या कुठल्याही प्रकल्पापेक्षा त्याने तालुक्याचं जास्त भलं होईल. आणि तोवर, मशीन दुरुस्तीला देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्या : प्रत काढल्याशिवाय आणि मालकाच्या सहीशिवाय फॉरमॅट करू नये. जो दुरुस्तीवाला ही ओळ लिहायला तयार नसेल, त्याच्याकडे मशीन देऊ नका.