‘साहेब नाही आले का?’

रात्रीची वेळ. गोठ्यात म्हैस अडली आहे. निरोप गेलेला आहे, घरातली माणसे कंदील-बॅटरी घेऊन वाट बघताहेत. आणि गाडीवरून उतरते ती बाई. मग पहिला प्रश्न येतो, ‘साहेब नाही आले का?’ जनावरांच्या डॉक्टर झालेल्या मैत्रिणींना हा प्रश्न चांगला ओळखीचा आहे.

परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ सालचे. आधी ते मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे होते, पुढे २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आले. लाल कंधारी गाय, मराठवाडी म्हैस ही याच भागाची जनावरे. जिंतूर-पालमच्या मुलीला हे शिक्षण आपल्या जिल्ह्यातच घेता येते. पण पदवी हाती आली की घरचे म्हणतात, ‘आता पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढ. बैलाला आवरणं बाईचं काम नाही.’

हे ‘बाईचं काम नाही’ जरा तपासून बघू. अडलेल्या वासराची मान मागे वळलेली असेल तर ते नुसते ओढून चालत नाही. कळ ओसरली की त्याला आत ढकलायचे, मान सरळ करायची, पायांना दोरी बांधायची आणि पुढच्या कळेबरोबर ओढायचे. इथे लागते ती माहिती, धीर आणि सवय. हात बारीक असला तर उलट सोयच! उधळणाऱ्या बैलापुढे पुरुष डॉक्टरची ताकदही तोकडीच. त्यासाठी भक्कम खोडा लागतो, दोरखंड लागतात, हाताखाली मदतनीस लागतो. यांतले काहीच नसते, आणि दोष मात्र बाईच्या मनगटाला!

ब्रिटनमध्ये एलीन कस्ट हिला १८९७ साली पशुवैद्यकाच्या परीक्षेला बसू दिले नाही. ती आयर्लंडच्या खेड्यांत घोडे-गुरे तपासत राहिली. अधिकृत मान्यता मिळाली ती थेट १९२२ साली. जनावरांनी तिला कधी नाकारले नव्हते, नाकारले ते परीक्षा घेणाऱ्यांनी.

आपल्याकडे परीक्षेचे दार उघडे आहे. सरकारी नोकऱ्यांत १९९४ पासून स्त्रियांना ३० टक्के आरक्षण आहे. पण नेमणूक झाली म्हणजे काम करण्याजोगी जागा मिळाली असे होत नाही. दवाखान्यात शौचालय आहे का? पाणी आहे? रात्रीच्या बोलावण्यासाठी वाहन आणि सोबत? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे कामानिमित्त जावे लागते ते प्रत्येक ठिकाण कामाचेच ठिकाण ठरते. म्हणजे शेतकऱ्याचा गोठासुद्धा. तिथे संपर्कात येणाऱ्या माणसांपासून तिला सुरक्षित ठेवणे ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी आहे. ‘रात्री जाऊच नको’ म्हणणे ही सुरक्षितता नव्हे. ती घरी बसवण्याची जुनीच युक्ती आहे.

धोके खरे आहेत, ते लपवू नयेत. सांसर्गिक गर्भपात झालेल्या गाईचा जार उघड्या हाताने काढला तर तो रोग माणसालाही होतो. डॉक्टर गरोदर असेल तर जास्तच जपावे लागते. यावर उपाय म्हणजे खांद्यापर्यंतचे हातमोजे, आणि त्या महिन्यांत कामाची अदलाबदल. पण मैत्रिणींनो, त्याच गोठ्यात वर्षानुवर्षे उघड्या हाताने जार उचलणारी बाई कोणाच्या हिशेबात आहे? तिला हातमोजे कोण देतो?

आम्हांला महत्त्वाचे वाटते ते इथेच. शेण, चारा, धारा तिच्याकडे, आणि डॉक्टरशी बोलतो तो मालक. म्हशीचा माज मुका असतो, तो ओळखते धार काढणारी. कास कधी दगडासारखी झाली हेही तिलाच ठाऊक. डॉक्टर बाई असली की ती दाराआडून पुढे येऊन बोलू शकते. उपचार नीट होतो तो या माहितीने. खेड्यात डॉक्टरीण हवी ती केवळ तिच्या नोकरीसाठी नाही, गोठ्यातल्या बाईचे ज्ञान मोजले जावे यासाठीही हवी.

म्हणून गटांना विनंती. आपल्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बघा : खोडा, पाणी, शौचालय, हातमोजे आहेत का? नसतील तर ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत मागणी लावून धरा. बारावीला शास्त्र शाखेत असलेल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना या शिक्षणाची माहिती द्या. आणि आपल्या गोठ्यात डॉक्टरीण आली, तर ‘साहेब नाही आले का?’ हा प्रश्न निदान आपल्या तोंडून येऊ देऊ नका. कंदील धरा, आणि जनावराला काय झाले ते तुम्हीच सांगा.