आपले पात्र कोणी निवडावे?

“ताई, तू वैद्य हो. तुला ते छान जमेल.”

धाकट्या भावाने नागपुराहून हे सांगितले, तेव्हा मी हावड्यात शिबपूरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत संगणकासमोर बसले होते. पडद्यावर एक प्रश्न उभा होता: या जगात तुम्ही कोण होणार? मी फारसा विचार न करता त्याचे ऐकले. पुढे काही महिने या एका होकाराने मला बराच त्रास दिला. या वेळच्या ‘फावल्या वेळात’ त्याचीच हकीगत सांगावयाची आहे.

या खेळांशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. इंटरनेटवर खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांत प्रत्येक जण एक पात्र धारण करून एका कल्पित देशात वावरतो. ठिकठिकाणी घरी बसलेली माणसे तेथे एकत्र भेटतात, मोहिमा काढतात, हरतात, जिंकतात. आरंभीच पात्राचा ‘वर्ग’, म्हणजे त्याचा पेशा, निवडावा लागतो. ही प्रथा जुनी आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल व फाशांचा खेळ प्रसिद्ध केला, त्यात योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते. चोराची भर पुढच्या वर्षी पडली. १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा पहिला शब्दमय संगणकीय खेळ रचावयास घेतला व रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला तेव्हा वर्गांची संख्या नऊ होती. पेशे कितीही वाढले तरी कामे मुख्यतः तीनच राहिली: शत्रूचा मार अंगावर घेणारा ढालाईत, सोबत्यांना बरे करणारा वैद्य आणि शत्रूवर प्रहार करणारे बाकीचे सारे.

आम्ही भावंडे ‘फायनल फँटसी’ मालिकेतील चौदावा खेळ खेळतो. २०१३ साली तो नव्या रूपात आला. त्यातल्या लहान मोहिमांना चार जण लागतात: एक ढालाईत, एक वैद्य आणि दोन प्रहार करणारे. भाऊ तिरंदाज होता, म्हणून वैद्यकी माझ्याकडे आली. उरलेले दोघे कोणी अनोळखी भेटत.

हा खेळ आमच्यासाठी केवळ करमणूक नव्हता, हे येथे सांगावयास हवे. आई गेल्यानंतर आम्हा दोघांचे बोलणे घराचा कर, बँकेचे कागद आणि भाडेकरूची तक्रार एवढ्यावर येऊन ठेपले होते. मध्ये अकराशे किलोमीटरहून अधिक अंतर; वर्षातून एकदा गाठ पडली तर पडली. शनिवारी रात्री दोन तास एकत्र खेळू लागल्यापासून बोलणे पुन्हा सुरू झाले. गुहेतून चालता चालता माणसे जे बोलतात, ते समोरासमोर बसून बोलत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

आणि तरीही मी शनिवार टाळू लागले. एकदा डोके दुखत होते, एकदा मुद्रिते तपासावयाची होती. दोन्ही कारणे पूर्णतः खरी नव्हती. माझा व्यवसाय अनुवादाचा व संपादनाचा. दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये सावरावयाची. संध्याकाळी हुगळीच्या खालून जाणाऱ्या मेट्रोने हावडा मैदानावर उतरून घरी यावयाचे. आणि रात्री पुन्हा दुसऱ्यांचे प्राण सावरत बसावयाचे! वैद्याची नजर पडद्याच्या कडेला असलेल्या चार प्राणरेषांवर खिळलेली असते. कोणाची रेषा घटली की मंत्र टाकावयाचा, दुसऱ्याची घटली की पुन्हा मंत्र. सास्ताशा नावाची समुद्राकाठची एक गुहा आहे. तेथील रंगीत पोवळ्यांतून नेमक्या रंगाचे पोवळे हेरले म्हणजे पुढची वाट उघडते. मी त्या गुहेत कितीदा तरी जाऊन आले होते. पण पोवळी कधी नीट पाहिली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी भावाने विचारले, “ताई, तुला माझ्याबरोबर खेळायचा कंटाळा आला आहे का?”

“तुझ्याबरोबरचा नाही. वैद्य होण्याचा.”

“मग घेतलास कशाला तो वर्ग?”

“तू म्हणालास म्हणून.”

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “आई आजारी असताना सगळे तूच केलेस. मला वाटले, तुझा स्वभावच तो.”

यात त्याचा दोष नव्हता. घरात जो जे करतो तेच त्याला आवडते, असे आपण सर्वच धरून चालतो. पण करावे लागणे वेगळे आणि आवडणे वेगळे. आणि खेळ तर आवडीसाठीच असतो.

या खेळात एक सोय आहे. पहिल्या वर्गातील दहाव्या पायरीची कामगिरी पार पडली की दुसरे वर्गही शिकता येतात, आणि हातातले शस्त्र बदलले की त्याच पात्राचा पेशा बदलतो. (‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये असे चालत नाही, तेथे दुसरा वर्ग हवा असेल तर नवे पात्र करावे लागते.) मी वाळवंटातल्या उल्दाह नगरीत गेले आणि तलवार व ढाल घेतली. ढालाइताला सर्वांच्या पुढे चालावे लागते. वाट त्याने ठाऊक करून घ्यावयाची, शत्रूला आपल्याकडे ओढावयाचे, त्याचे तोंड सोबत्यांपासून दुसरीकडे फिरवावयाचे. पहिल्याच दिवशी मी दोन टोळ्या एकदम अंगावर घेतल्या आणि चौघेही गारद झालो. भाऊ पोट धरून हसला; मीही हसले. कित्येक दिवसांत इतके हसले नव्हते.

या अनुभवातून वर्ग निवडण्याविषयी जे उमगले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून मांडते.

पहिली गोष्ट, कोणता वर्ग सर्वांत बलवान हे विचारू नये. खेळाचे कर्ते वेळोवेळी शक्तीचे आकडे बदलतात. आजचा बलवान उद्या मागे पडतो. त्याऐवजी, या वर्गात हाताला पुनःपुन्हा काय करावे लागते, ते पाहावे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला दम धरून शिरण्यातच गोडी वाटते, कोपऱ्यावरच्या खेळाडूला टपून बसून पाय धरण्यात. शंभर वेळा केली तरी जी कृती गोड वाटेल, ती आपली.

दुसरी गोष्ट, आपल्याला कोणती चूक सोसते? तिरंदाजाचा बाण चुकला तर फारसे कोणाला कळत नाही. ढालाईत किंवा वैद्य चुकला तर चौघे पडतात आणि चूक कोणाची हे सर्वांना दिसते. ज्यांना हे जड जाईल, त्यांनी आरंभी मागे उभे राहून प्रहार करणारे वर्ग घ्यावेत. त्यात कमीपणा काहीच नाही. ढालाईत व वैद्य होण्यास पुष्कळदा माणसे कमी पडतात, म्हणून त्यांना सोबती चटकन मिळतात. परंतु केवळ त्या लोभाने ती कामे पत्करू नयेत.

तिसरी गोष्ट, खेळण्याचा हेतू ओळखावा. बार्टल यांनी १९९६ साली एका लेखात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: काही सिद्धीसाठी खेळतात, काही शोधासाठी, काही माणसांसाठी आणि काही दुसऱ्यावर मात करण्यासाठी. मी माणसांसाठी खेळते. तेव्हा ज्या कामात भावाशी बोलावयास जीव शिल्लक राहील, तेच मला योग्य.

आणि चौथी गोष्ट, पात्र आपल्यासारखेच असावे असा मुळीच नियम नाही. १९२१ च्या ‘संयुक्त मानापमाना’त केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, भामिनी झाले. भामिनी होण्यासाठी त्यांना स्त्री असावे लागले नाही. शांत मुलीला परशू आवडू शकतो आणि दांडगट मुलाला औषधांची झोळी. म्हणून दोन-तीन वर्ग प्रत्येकी तीन संध्याकाळी खेळून पाहावेत आणि मगच ठरवावे. चौथ्या दिवशी ज्याची आठवण येईल, तो ठेवावा.

पालकांना एक सूचना. पैसे लावून खेळावयाचे खेळ निराळे. २०२५ च्या कायद्याने आपल्या देशात त्यांना बंदी आहे. परंतु साध्या खेळातही पोशाख, वाहने वगैरे विकत घेण्याचा मोह असतो. खर्चाची व वेळेची मर्यादा पालकांनी अवश्य घालावी. पात्र मात्र मुलांनाच निवडू द्यावे.

आता आमच्या घरची वैद्यकी भावाकडे गेली आहे. मी पुढे धावले की नागपुराहून त्याची हाक येते, “ताई, थांब, मंत्र संपले!” ती ऐकावयाला मी मुद्दाम थोडी अधिकच पुढे जाते. एखादा शनिवार हुकलाच, तर त्याची रविवारी भरपाई होते.

परवा घरमालकांची नववीतली नात शेजारी येऊन बसली. तिलाही खेळावयाचे होते. फार सोशिक आणि लाघवी मुलगी आहे. “तू वैद्य हो,” हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि तिला विचारले, “तुला काय व्हावेसे वाटते?”

तिने सारी चित्रे बराच वेळ न्याहाळली. मग एका भालाइतावर बोट ठेवून म्हणाली, “दीदी, हा. याचा भाला सगळ्यांत लांब आहे.”

कारण पुरेसे होते. आम्ही भाला घेतला.